जिप्सीचे ॲक्सल : चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला

या खेपेच्या टपालात जिप्सीवाल्यांची पत्रे बरीच आहेत, आणि बहुतेकांचा रोख एकच: ॲक्सल बदलायचे आहेत, खर्च किती धरावा? म्हणून हे सदर या वेळी सगळे त्याच विषयाला दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

माझी मारुती जिप्सी १९९० ची, अरुंद ट्रॅकची आहे. उतारावर आडवी घेतली की कलंडेल असं वाटतं. कुर्ल्याला वाइड ट्रॅकच्या ॲक्सलची जोडी मिळते आहे. मेकॅनिक म्हणतो, ४० हजारांची जोडी आणि दोन दिवसांचं काम, विषय संपला. एवढ्यात भागेल का?
– एक वाचक, भांडुप

जोडी बसेल. एवढ्यात भागणार नाही.

आधी बसण्याचे बघू. मारुतीने १९९३ मध्ये वाइड ट्रॅक जिप्सी आणली तेव्हा डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर ९० मिलिमीटरने वाढवले. चासीच्या रुळांमधले अंतर मात्र तेच ठेवले, त्यामुळे नव्या ॲक्सलवरच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठका जुन्या पाट्यांवरच येतात आणि कापाकापी, वेल्डिंग लागत नाही. तरीही पैसे मोजण्याआधी दोन्ही बैठकांच्या मधोमध टेप धरून तुमच्या गाडीशी ताडून बघा. भंगारात आलेल्या ॲक्सलवर आधी कोणी वेल्डिंगचा हात फिरवला असेल, तर तो तिथेच पकडला जातो.

आता खर्च. मेकॅनिकने सांगितलेली रक्कम दोन लोखंडी नळकांड्यांची आहे. गाडी चालेल ती त्यांच्यात आणि त्यांच्याभोवती बसणाऱ्या सामानावर, आणि त्याचा हिशेब त्याने धरलेला नाही. अंदाज करायचा तर ॲक्सल ज्या ज्या वस्तूला हात लावतो, ती प्रत्येक वस्तू कागदावर लिहा: पाटे, स्टिअरिंग, ब्रेक, प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत ताकद आणणारा दांडा), चाक, मडगार्ड.

सुरुवात ॲक्सलच्या आतल्या सामानापासून. जुनी जोडी कितीही चांगली दिसली, तरी ती न उघडता बसवू नये. पुढच्या ॲक्सलला लागतात: किंगपिनची (पुढचे चाक ज्यावर वळते त्या खुंटीची) ४ बेअरिंगे (प्रत्येक बाजूला वर एक, खाली एक) आणि शिम, म्हणजे पातळ चकत्या, चाकांची ४ बेअरिंगे, हबचे २ ऑइल सील, हाउसिंगच्या (ॲक्सलच्या बाहेरच्या नळीच्या) टोकाला आत बसणारे २ ऑइल सील, नकलच्या (चाकासोबत वळणाऱ्या भागाच्या) गोळ्यावरचे फेल्ट आणि रबर सीलचे २ संच, स्पिंडलमधले २ बुश, २ लॉक वॉशर, पिनियनचा (प्रोपेलर शाफ्टने फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचा) १ सील. मागच्याला चाकांची २ बेअरिंगे, ती धरून ठेवणाऱ्या २ रिंगा, २ ऑइल सील आणि पिनियनचा १ सील. मागची रिंग दाबून बसवलेली असते आणि काढताना छिन्नीने फोडावीच लागते. तीच परत बसवतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे नमस्कार करा. पिनियनचा नट सोडावा लागला, तर आतली दबणारी स्लीव्हही नवी हवी.

ऑइल हायपॉइड, जीएल-५, ८०डब्ल्यू-९०. पुढे २ लिटर, मागे दीड. पहिले ऑइल ५०० किलोमीटरला काढून टाकायचे आहे, म्हणून ७ लिटरचे पैसे धरा.

ब्रेकमध्ये लोकांचे गणित सर्वांत जास्त फसते. जुन्या ॲक्सलला पुढे ड्रम आणि नव्या जोडीला डिस्क असेल, तर ड्रमचा मास्टर सिलिंडर ठेवून चालत नाही. ड्रमच्या मास्टरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असू शकतो. तो दाब डिस्कचे पॅड सतत घासत ठेवतो आणि घाट उतरून येईपर्यंत पुढची चाके हात लावू देत नाहीत. शिवाय कॅलिपरला ऑइल जास्त लागते, त्यामुळे पेडल खोल जाते. म्हणजे मास्टर सिलिंडर आला, पुढचे दोन आणि मागचा एक असे तीन होज आले, पाइपांची जोडणी आली. बूस्टर नसलेल्या गाडीत डिस्कला पाय जड लागतो, तेव्हा बूस्टर घ्यायचा की नाही हेही आधीच ठरवा. हँडब्रेक तुमच्या गाडीत ट्रान्सफर केसमागच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीमागच्या) ड्रमवर आहे की मागच्या चाकांत, आणि जोडी कुठल्या प्रकारची आहे, हे जुळले नाही तर केबलचा खर्च वेगळा.

स्टिअरिंगचा टाय रॉड (पुढची दोन्ही चाके जोडणारा दांडा) ॲक्सलसोबत येतो, पण ड्रॅग लिंकही (स्टिअरिंगकडून चाकाकडे येणारा दांडा) त्याच गाडीची मागून घ्या. चाक ४५ मिलिमीटर बाहेर गेले आहे. जुनी लिंक ओढून-ताणून बसवली तर टोकाला धागे कमी उरतात. प्रोपेलरच्या फ्लँजची (टोकाच्या जोडचकतीची) भोके आणि त्यांचा व्यास जुळतो का बघा. नाही जुळला तर त्याच गाडीचे फ्लँज हवेत. ते हातात असताना पुढच्या-मागच्या प्रोपेलरचे मिळून ४ क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) बदलून टाकावेत. यू-बोल्ट ८, सगळे नवे. एकदा ताणून बसलेला यू-बोल्ट पुन्हा तसाच ताण धरत नाही.

आणि तेच ४५ मिलिमीटर मडगार्डच्याही बाहेर येतात. फ्लेअर (मडगार्डला लावायची रुंद कड) लावले नाहीत तर पावसात चिखल थेट खिडकीत, आणि पोलिसाच्या नजरेतही.

आता रीत दाखवण्यापुरते आकडे मानू. भाव तुम्ही त्या दिवशीच्या कोटेशनवरून भरा. जोडी ४०,०००. बेअरिंग-सील १६,०००. ब्रेक ९,०००. फ्लँज आणि क्रॉस ५,०००. यू-बोल्ट, पाट्यांचे बुश, शॅकल पिना ६,०००. मजुरी १२,०००. टेम्पो आणि लेथ ४,०००. फ्लेअर आणि रंग ६,०००. ऑइल, ग्रीस, ब्रेक ऑइल ३,०००. झाले १,०१,०००. यावर पाचवा हिस्सा राखीव, म्हणजे २०,२००. एकूण १,२१,२००. मेकॅनिकच्या आकड्याच्या तिप्पट. राखीव रक्कम हौसेची नाही: हाउसिंग उघडल्यावर क्राउन-पिनियनचे (क्राउन म्हणजे पिनियन फिरवतो ते मोठे दातेरी चाक) दात टवके गेलेले निघाले, तर ती तिथेच संपते.

पैसे टप्प्याने घालायचे असतील, तर ओव्हरहॉलचे सगळे सामान आधी घ्या, जोडी तयार करून घरी ठेवा, आणि गाडी सर्वांत शेवटी उघडा. उलट क्रम झाला की गाडी घोडीवर, एक सील मिळेना, आणि गॅरेजवाल्याला जागा अडल्याचे भाडे. नव्या सामानाचे पक्के बिल मागा. सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. कोटेशन करासह आहे की करावेगळे, हे आधी विचारले नाही तर तुमचा राखीव निधी तिथेच जातो.

कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर जुने ॲक्सल बघायला जाणार आहे. दुकानदार म्हणतात, सगळे 'चालू गाडीतले' आहेत. तिथल्या तिथे काय तपासावं?
– एक वाचक, विक्रोळी

चालू गाडीतला माल उतरवतात तेव्हा गाडी चालू नसते, एवढे ध्यानात ठेवून जा. सोबत न्या: टेप, टॉर्च, लोहचुंबक, जाड दोरा, खडू, चिंध्या आणि ड्रेन प्लगचा पाना.

पहिले काम ड्रेन प्लग. थोडे ऑइल चिंधीवर घ्या. काळे चालेल. चुंबकावर राखाडी लेप आला तरी चालेल, ती नेहमीची झीज आहे. कण बोटाला टोचले किंवा दाताचा तुकडा आला तर पुढे बघायचेच नाही. ऑइल चहासारखे दुधाळ असेल तर आत पाणी गेलेले आहे. मुंबईत दर पावसाळ्यात गाड्या पाण्यात बुडतात आणि त्यांचेच ॲक्सल बाजारात येतात. पाणी ऑइलखाली बसते आणि बेअरिंगच्या रोलरवर गंजाच्या रेघा पाडते. असे ॲक्सल घ्यायचेच असेल, तर नुसत्या हाउसिंगचा भाव लावा.

मग पिनियनची फ्लँज हातात धरून आत-बाहेर आणि वर-खाली हलवा. तसूभरही खेळ नको. फिरवताना जो थोडा मोकळेपणा जाणवतो तो दातांमधला असतो, आणि तो हवाच. क्राउनच्या कडेला डायल लावून मोजला तर ०.१० ते ०.१५ मिलिमीटर. डायल नसेल तर फ्लँज डावी-उजवी हलवून 'टक्‌' ऐका. 'टक्‌' लांबला तर झीज आहे.

हाउसिंग वाकलेले आहे का, हे डोळ्यांना सहज दिसत नाही. दोन्ही टोकांवर दोरा ताणून धरा आणि नळीपासूनचे अंतर तीन-चार ठिकाणी मोजा, एकदा वरून आणि एकदा पुढून. पुढच्या ॲक्सलची नळी बहुधा पाट्याची बैठक आणि नकलचा गोळा यांच्या मध्ये वाकते, कारण उडी मारून गाडी आदळली की भार तिथेच येतो. तिथला रंग तडकलेला किंवा नवा मारलेला दिसला तर खरवडून बघा.

नकलचे गोळे पुसून त्यांवरून नख फिरवा. गंजाचे खड्डे लागले तर नवा सील महिनाभरात कापला जाईल. बारीक खड्डे पॉलिश होतात, खोल असतील तर गोळा सोडा. स्पिंडलवर जिथे बेअरिंग बसते तिथे निळसर डाग किंवा पायरी असेल, तर बेअरिंग जाम होऊन आतली रिंग फिरलेली आहे. स्पिंडलचे नटाचे धागे छिन्नी-हातोडीने ठोकलेले असतील, तर ते लेथवर दुरुस्त होतात, पण भाव पाडायला तेवढे पुरे. हाफ शाफ्ट (चाकापर्यंत जाणारा आतला दांडा) बाहेर काढायला सांगा आणि स्प्लाइन, म्हणजे त्याच्या टोकावरच्या उभ्या खाचा, एका रेषेत आहेत ना ते पाहा. पीळ पडलेला शाफ्ट डोंगरात पहिल्याच मोठ्या दगडावर तुटतो. स्प्लाइन मोजाही. जुन्या आणि नंतरच्या सामानात त्यांची संख्या सारखी असतेच असे नाही, आणि एकाचा शाफ्ट दुसऱ्याच्या डिफमध्ये (डिफरन्शिअल, म्हणजे क्राउन-पिनियनच्या संचात) जात नाही.

शेवटी रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलरचे फेरे किती. एक हब माणसाला घट्ट धरायला लावा, पिनियनच्या फ्लँजवर खडूची खूण करा आणि दुसरा हब बरोबर दोन फेरे फिरवा. फ्लँज चार फेऱ्यांच्या थोडी पुढे गेली तर ४.११. पावणेचारच्या आसपास थांबली तर ३.७३. (पहिल्यात क्राउनला ३७ आणि पिनियनला ९ दात, दुसऱ्यात ४१ आणि ११.) पुढच्या ॲक्सलवर हे करताना हब लॉक करायला विसरू नका, नाहीतर आकडा भलताच येईल. जोडी म्हणून देतात ती वेगवेगळ्या गाड्यांतली असू शकते, म्हणून दोन्ही मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बेअरिंगे मात्र सी.एस.टी. रोडवर घेऊ नका. जुन्यांचे नंबर लिहून नागदेवीला, कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून बिलावर घ्या. नकली बेअरिंगचा डबा हुबेहूब असतो. फरक रिंगेवर कोरलेल्या अक्षरांत आणि हातात फिरवताना जाणवतो. अर्थात शंभर-दोनशे रुपये वाचवायचे म्हणून कोणी चाक पणाला लावत असेल तर त्याला काय सांगणार?

पैसे कमी आहेत. या वर्षी फक्त पुढचा ॲक्सल बदलून पुढच्या वर्षी मागचा घेतला तर?
– एक वाचक, कांदिवली

रेशो एकच असेल तर गाडी चालेल. पुढून रुंद आणि मागून अरुंद गाडी चिखलाच्या चाकोरीत दोन वेगळ्या वाटा पाडत जाईल, एवढेच. रेशो वेगळे असतील तर फोर-व्हील लावूच नका. जिप्सीच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढचा-मागचा फरक सांभाळणारे डिफ नाही. फोर-व्हील लावले की दोन्ही प्रोपेलर एकाच वेगाने बांधले जातात. एकीकडे ४.११ आणि दुसरीकडे ३.७३ असेल, तर एका टोकाची चाके १० फेरे घेतात तोवर दुसऱ्या टोकाला ११ घ्यायचे असतात. चिखलात टायर घसरून फरक भरून काढतात. डांबरावर तो ताण क्रॉस, ट्रान्सफर केसचे गिअर किंवा हाफ शाफ्ट यांपैकी जे कच्चे असेल त्यावर निघतो.

जिप्सीचे ॲक्सल नाजूक म्हणतात. मला ३१ इंची टायर घालायचे आहेत. जुन्या महिंद्रा जीपचे ॲक्सल स्वस्त मिळतात आणि चाकाचे पाच बोल्टही जुळतात. ते बसवून घ्यावेत का?
– एक वाचक, चेंबूर

पाच बोल्ट जुळतात हे खरे. दोन्हीकडे बोल्टचे वर्तुळ १३९.७ मिलिमीटरचे, म्हणजे साडेपाच इंची. जुळणी बहुतेक तिथेच संपते.

पाट्यांच्या बैठका कापून नव्या वेल्ड कराव्या लागतात आणि तेव्हा पिनियनचा कोनही ठरवावा लागतो. तो दोन अंश चुकला की प्रोपेलर गुणगुणायला लागतो. ट्रान्सफर केसमधून पुढे येणारा शाफ्ट आणि ॲक्सलचा डिफ एका रेषेत असायला हवेत. किती सरकलेले आहेत ते मोजल्याशिवाय प्रोपेलरची लांबी आणि क्रॉसचा तिरपेपणा कळत नाही. स्टिअरिंगचे हात वेगळे, ब्रेकचे पाइप आणि त्यांचे धागे वेगळे. जड ॲक्सलमुळे पाट्यांखालचे वजन वाढते आणि खड्ड्यात गाडी जास्त उडते. वेल्डिंग हाउसिंगवर करायचे म्हटल्यावर उष्णतेने नळी वाकणार. जिगमध्ये न धरता, उड्डाणपुलाखालच्या वेल्डरकडून टाके मारून घेतले, तर टायर आतून खाल्ले जातील. या सगळ्याची मजुरी ॲक्सलच्या किमतीपेक्षा जास्त होते. कायद्याचे वेगळेच, ते खाली आहे.

टायरचे गणितही करा. २०५/७० आर १५ चा व्यास ६६८ मिलिमीटर. ३१ इंची टायर ७८७ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १८ टक्के मोठा. ३.७३ रेशोची गाडी त्यावर ३.१६ सारखी वागेल. १३०० सीसीचे इंजिन, शेवटच्या ८० अश्वशक्तीच्या रूपातसुद्धा, माळशेज चढताना दुसऱ्या गिअरमधून वर येणार नाही. पूर्वीची ओढ परत हवी तर रेशो ४.३९ च्या आसपास लागेल.

आमचे मत असे, की रस्त्यावरही चालणाऱ्या गाडीला हा उद्योग करू नये. २३५/७५ आर १५ चा व्यास ७३३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे २९ इंच. तो मूळ टायरपेक्षा जेमतेम १० टक्के मोठा आहे. ३.७३ ऐवजी दोन्हीकडे ४.११ चे डिफ घातले तर रेशोही १० टक्केच वाढतो. ओढ मूळच्या इतकी राहते, आणि स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवरून येत असल्याने काटाही जवळपास बरोबर दाखवतो. जिप्सीचा डिफ हाउसिंगमधून अख्खा बाहेर निघतो, त्यामुळे हे काम ॲक्सल न उतरवता होते. मात्र डिफ पूर्ण संच म्हणून घ्या. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकत्र घासून जोडी म्हणून दिलेले असतात. एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन लावला, तर शिम कितीही बदला, घरघर जात नाही. या टायरला रिम किमान ६ इंच रुंद हवी आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पाट्याला घासतो का तेही पाहावे लागेल. त्याचे पैसे यातच धरा.

ॲक्सल नाजूक म्हणतात, ते पुढच्या सीव्ही जॉइंटपुरते (चाक वळलेले असतानाही ताकद पोचवणारा सांधा). तो तुटतो बहुतेक एकाच प्रसंगी: स्टिअरिंग पूर्ण वळवलेले, चाक दगडात अडकलेले आणि चालकाचा पाय रेसवर. पाय उचला, चाक सरळ करा, मग पुन्हा ओढा. हा उपाय फुकट आहे.

वाइड ट्रॅक ॲक्सल बसवून घेतले. आता ईस्टर्न एक्स्प्रेसवर ६० च्या पुढे सांध्यावरून गेलं की स्टिअरिंग थडथडायला लागतं, ब्रेक मारेपर्यंत थांबत नाही. गॅरेजवाल्याने स्टिअरिंग डँपर लावायला सांगितलं आहे.
– एक वाचक, मुलुंड

डँपर ही दुखण्यावरची पट्टी आहे. लावल्यावर कंप दबतो, झीज आत चालू राहते. आधी पुढची बाजू घोडीवर घ्या, टाय रॉड सोडा आणि नकल हाताने फिरवून बघा. नुसत्या बोटाने डोलत असेल तर किंगपिनची बेअरिंगे सैल आहेत. नकलचे सील काढून, टाय रॉडच्या भोकाला स्प्रिंगकाटा अडकवून ओढल्यावर नकल १.० ते १.८ किलोला हलायला हवी. त्याहून सहज हलली तर शिम कमी करा. या कंपाचे मूळ आम्ही सर्वांत आधी इथेच शोधू.

इथे सगळे ठीक असेल तर पुढच्या गोष्टी बघायच्या: चाकाचा बॅलन्स, टाय रॉडची टोके, पाट्यांचे बुश. टो-इन (पुढच्या चाकांची पुढची बाजू किती आत वळलेली आहे ते माप) २ ते ६ मिलिमीटर असावे. रुंद ॲक्सलला जुनी मापे लावून टो-आउट ठेवल्याचीही शक्यता आहे. गाडी उंच करायला लांब शॅकल (पाट्याचे टोक चासीला टांगणारे दुवे) लावले असतील तर तेही सांगायला हवे होते. जिप्सीत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की ॲक्सल पुढे कलतो आणि साडेतीन अंशांचा कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. मग चाक आपणहून सरळ होत नाही. पाटा आणि बैठक यांच्यामध्ये पाचर घालून तो परत मिळवता येतो.

यू-बोल्ट बसवल्यावर ५०० किलोमीटरला पुन्हा कसले होते का, तेही विचारा.

नकलच्या गोळ्यातून पातळ काळं ऑइल गळतं. दोनदा बाहेरचा सील बदलला, पुन्हा तेच.
– एक वाचक, डोंबिवली

बाहेरचा सील निर्दोष आहे. हाउसिंगच्या टोकाला शाफ्टभोवती बसणारा आतला ऑइल सील गेला आहे. तिथून डिफचे ऑइल नकलमध्ये येते, ग्रीस पातळ करते आणि ते मिश्रण फेल्टमधून गळते. दोन्ही आतले सील बदला, आणि शाफ्टवर सील जिथे घासतो तिथे खाच पडली आहे का पाहा. खाच असेल तर सील काठावर थोडा पुढे-मागे बसवला म्हणजे नव्या जागी घासतो. नकल पूर्ण धुऊन सीव्ही जॉइंटमध्ये मॉलिब्डेनमचे ग्रीस भरा.

आणि ब्रीदर बघा. हाउसिंगवरच्या त्या छोट्या टोपीत चिखल बसला की गरम डिफमधली हवा सील ढकलून बाहेर पडते. उलट, तापलेला ॲक्सल ओढ्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढते. टोपीच्या जागी नळी लावून ती बॉनेटखाली उंच नेली, तर पुढची दुरुस्ती बरीच लांबते. हे काम तासाभराचे आहे, आणि ॲक्सल खाली उतरवलेला असतानाच करून घेतले तर मजुरीही वेगळी पडत नाही.

आरटीओत काय सांगावं लागतं? विमा अडतो का?
– तीन वाचक. ठाणे, अंधेरी आणि पनवेल

काम करण्याआधी सांगावे लागते, हे पहिले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. परवानगी नसलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

म्हणून त्याच मॉडेलचा, त्याच मापाचा कंपनीचा ॲक्सल घालणे ही दुरुस्ती आहे. अरुंदाच्या जागी रुंद घालणे म्हणजे बदल. दुसऱ्या कंपनीचा, वेल्डिंग करून बसवलेला ॲक्सल तर उघडच बदल. आपल्या आरटीओत (ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरीवली, जिथे नोंदणी असेल तिथे) लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखी घ्या. एजंटचे 'होऊन जाईल' हे उत्तर नव्हे. विमा कंपनीलाही आधी लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावरून अपघातानंतर दावा अडवता येतो.

जुन्या जिप्सीवाल्यांनी हे खर्चातच धरावे: १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आणि त्यासाठी गाडीची तपासणी असते. २० वर्षांहून जुन्या हलक्या मोटारीला २०२५ पासून नूतनीकरणाचे शुल्कच १०,००० रुपये आहे. नूतनीकरण सहा महिन्यांवर आले असेल, तर आधी ते आटपा आणि मग पाने हातात घ्या.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम स्वतः करता येईल का?
– एक वाचक, बोरीवली

ओव्हरहॉल केलेली जोडी तयार असेल तर दोन माणसांना शनिवार-रविवार पुरतो. जॅकवर गाडी ठेवून खाली जायचे नाही. चासीखाली चार घोड्या, आणि त्यांच्याखाली प्लायवूडचे तुकडे, कारण पेव्हर ब्लॉक एका बाजूने खचतात. जुने यू-बोल्ट आणि शॅकल पिना समुद्राच्या हवेने धरलेल्या असतात. दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारे ऑइल मारत राहा, आणि ग्राइंडरचा आवाज करायचा असेल तर तो दुपारच्या झोपेच्या वेळी नको. ब्रेकची लाइन उघडली की चारही चाकांतून हवा काढावी लागते, तेव्हा पेडलवर बसायला तिसरा माणूस हवा. साडेतीन लिटर जुने डिफ ऑइल डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या. ते गटारात सोडले तर सोसायटीची पुढची सभा तुमच्यावरच होईल.